बिनखेळाडूचीं पात्रें

खेळ म्हणजे निव्वळ करमणूक, त्याविषयीं गंभीरपणें लिहिण्यासारखें काय आहे, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. बुद्धिबळाच्या पटावर मनुष्याचा उतावीळपणा उघडा पडतो. क्रिकेटच्या मैदानावर त्याचा आप्पलपोटेपणा दिसून येतो. मग ज्या खेळांत बोलणें, ठरविणें व दुसऱ्याशीं वागणें हाच सारा खेळ आहे, त्यांत खेळणाऱ्याच्या शीलाची परीक्षा झाल्यावांचून कशी राहील? अशा एका खेळाविषयीं, व त्यांतील एका उपेक्षित वर्गाविषयीं, चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावे असें आम्हीं योजिलें आहे.

हा खेळ म्हणजे मेजाभोवतीं बसून खेळावयाचा भूमिका-खेळ होय. याचे अनेक प्रकार आहेत. त्यांत सर्वांत प्रसिद्ध ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा. अमेरिकेंत तो १९७४ सालीं प्रथम छापला गेला, आणि आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांतहि तो आवडीनें खेळणारीं तरुण माणसें आहेत. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं त्याची रीत थोडक्यांत सांगतों. चार-पांच जण मेजाभोवतीं बसतात. एक सोडून प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. त्या पात्राचें बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धि, शहाणपण व लोकांवरील छाप हे सहा गुण कागदावर अंकांनीं मांडलेले असतात. उरलेला एक जण पंच असतो. त्यास त्या खेळांत ‘डंजन मास्टर’ म्हणतात. पण आपल्या जुन्या नाटकांतील सूत्रधाराशीं त्याचें पुष्कळ साम्य असल्यामुळें आम्ही त्यास सूत्रधारच म्हणूं. सूत्रधार प्रसंग सांगतो: समोर दरी आहे, पूल मोडला आहे, पलीकडे दिवा दिसतो. मग विचारतो, ‘तुम्ही काय करतां?’ खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीनें उत्तर देतात, आणि ज्या कृत्याच्या यशाविषयीं शंका असेल त्याचा निकाल फांसे टाकून लावितात. यांत सारीपाटाप्रमाणें घरें मोजावयाचीं नसतात, आणि शेवटीं अमका जिंकला, अमका हरला असेंहि होत नाहीं. सर्वांनीं मिळून एक गोष्ट रचावयाची, एवढाच त्यांतील लाभ.

या रचलेल्या जगांत दोन प्रकारचीं माणसें असतात. ज्यांच्या वतीनें मेजापाशीं कोणी एक जण बसला आहे, तीं खेळाडूंचीं पात्रें. बाकीचीं सारीं, म्हणजे सराईवाला, पहारेकरी, नावाडी, राजा, राजाचा शत्रु, वाटेंत भेटणारी म्हातारी, हीं बिनखेळाडूचीं पात्रें. या दुसऱ्या वर्गास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एनपीसी’ म्हणतात. त्या सर्वांच्या वतीनें एकटा सूत्रधार बोलतो.

हा शब्द आतां मेजावरून उठून रस्त्यावर आला आहे. संगणकावरील खेळांतून तो जगभर पसरला, आणि २०१८ सालीं इंटरनेटवर तो शिवीसारखा वापरला जाऊं लागला. ज्याचें मत आपणांस पटत नाहीं त्यास ‘एनपीसी’ म्हणावयाचें. म्हणजे यास स्वतःचें डोकें नाहीं, हा पढविलेलें बोलतो, याच्या आंत कोणी राहतच नाहीं. शाळेच्या आवारांतहि हा शब्द आमच्या कानीं पडला आहे. कधीं तो वर्गांतील एखाद्या अबोल मुलास उद्देशून असतो, कधीं घंटा देणाऱ्या शिपायास. मुलें तो हंसत हंसत उच्चारतात. त्यांच्या मनांत दुष्टावा नसतो, हें आम्ही जाणतों. तथापि ज्या खेळांतून हा शब्द आला, त्या खेळांतहि त्याचा अर्थ असा नाहीं, हें त्यांस सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. बिनखेळाडूचें पात्र म्हणजे बिनमनाचें पात्र नव्हे. ज्याच्यासाठीं मेजापाशीं खुर्ची उरली नाहीं असें तें मनुष्य होय. आणि खेळणारे त्यास कसे वागवितात यावरूनच त्यांच्या खेळाची योग्यता ठरते, असें आमचें मत आहे.

हें मत पटण्यास खेळाचा उगम पाहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं प्रशियाच्या लष्करांत नकाशावर खेळावयाचा एक युद्धखेळ प्रचारांत आला. रायस्विट्स नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं त्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत दोन्ही पक्षांवर देखरेख ठेवणारा पंच होता, आणि आजचा सूत्रधार हा त्या पंचाचाच वंशज आहे. परंतु त्या खेळांत एकेकटें मनुष्य दिसत नसे. पलटणी दिसत, तोफखाने दिसत. मनुष्य त्यांत आला तो पुढें १९६९ सालीं, अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांत. डेव्हिड वेस्ली नांवाच्या एका युद्धखेळाच्या शोकिनानें ‘ब्राउनस्टाइन’ नांवाच्या एका कल्पित जर्मन गांवावर नेपोलियनच्या काळांतील दोन फौजा चालून येत आहेत असा डाव मांडला. फौजा दोन, पण खेळावयास आलेले लोक अधिक. तेव्हां त्यानें उरलेल्यांस गांवांतील भूमिका वांटून दिल्या: एकास नगराध्यक्ष केलें, एकास पेढीवाला, एकास विद्यापीठाचा प्रमुख. झालें असें कीं, हे लोक एकमेकांशीं खलबतें करण्यांत इतके रंगून गेले कीं, फौजांची लढाई बाजूलाच राहिली. वेस्लीस वाटलें, आपला डाव फसला. खेळणाऱ्यांनीं मात्र असाच खेळ पुन्हां मांडा म्हणून आग्रह धरला.

त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन यानें ही कल्पना पुढें नेऊन ‘ब्लॅकमूर’ नांवाचें आपलें जग उभें केलें, आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथें राहणाऱ्या गॅरी गायगॅक्स याच्या साह्यानें त्यांतूनच १९७४ चा खेळ सिद्ध झाला. आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ब्राउनस्टाइनमध्यें नगराध्यक्ष व पेढीवाला हीं खेळाडूंचीं पात्रें होतीं. पुढें खेळाडूंनीं आपला एक जथा करून भुयारें धुंडाळण्यास आरंभ केला, तेव्हां गांवांत मागें राहणाऱ्या पेढीवाल्याची खुर्ची रिकामी झाली. पेढीवाला तोच, त्याची पेढी तीच, त्याचा लोभ व त्याची भीति तीच. फक्त त्याच्या वतीनें बोलणारा मनुष्य मेजापाशीं उरला नाहीं. यावरून या दोन वर्गांतील भेद योग्यतेचा नसून बैठकीचा आहे, हें उघड होतें.

मग दोहोंत खरा भेद कोणता? आमच्या मतें तो एकच. खेळाडूच्या पात्रानें काय करावें, हें सांगण्याचा अधिकार सूत्रधारास नाहीं. तो वादळ उठवील, दरोडेखोर आणील, पूल पाडील. परंतु ‘तूं भ्यालास व पळालास’ असें तो, मंत्रतंत्राचा किंवा एखाद्या नियमाचा आधार असल्यावांचून, म्हणूं शकत नाहीं. खेळाडूच्या पात्राचें अंतःकरण खेळाडूच्या स्वाधीन आहे. बिनखेळाडूच्या पात्रास हें संरक्षण नाहीं. त्याचें अंतःकरण सूत्रधाराच्या मुठींत आहे, आणि सूत्रधारास तर खेळाडूंचें मन राखावयाचें असतें. अशा स्थितींत तें बिचारें हवें तेव्हां भिणार, हवें तेव्हां मरणार, आणि मागतील ती बातमी सांगणार. ज्याच्या वतीनें बोलणारा कोणी नाहीं त्याची गत जगांत जशी होते, तशीच ती मेजावरहि होते.

जुन्या नियमकर्त्यांस ही अडचण कळली होती, आणि त्यांनीं तिच्यावर फार चांगला उपाय योजिला होता. खेळाडूस बरोबर नोकर न्यावयाचा असेल तर त्यानें सराईत जाहिरात लावावी, माणसें गांठावीं, वेतन बोलावें, असें १९७४ च्या मूळ पुस्तिकांत सांगितलें आहे. त्यावर समोरचा मनुष्य काय म्हणेल, हें खेळाडूनें ठरवावयाचें नाहीं व सूत्रधारानेंहि आपल्या लहरीनें ठरवावयाचें नाहीं. दोन फांसे टाकावयाचे. बेरीज दोन आली तर तो मनुष्य अंगावर धांवून येईल. बारा आली तर मोठ्या उत्साहानें रुजू होईल. मधल्या आंकड्यांस मधलीं उत्तरें. पुढें त्याची निष्ठा त्यास मिळणाऱ्या वागणुकीप्रमाणें वाढे वा घटे. येथें फांसा हें नुसतें नशीब नव्हे. सूत्रधाराच्या मुठींतून त्या पात्राचें मन थोडें सोडवून घेण्याची ती युक्ति आहे. फांसा पडेपर्यंत त्या गरिबाच्या मनांत काय आहे, हें त्याच्या निर्मात्यासहि ठाऊक नसतें. ज्यास खेळाडू नाहीं त्याच्या वतीनें तेवढ्यापुरता फांसा बोलतो.

१९८१ च्या प्राथमिक आवृत्तींत हाच नियम अधिक रेखीव झाला, आणि आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस त्यांत एक सुबक उदाहरणहि सांपडेल. त्या आवृत्तींत प्रत्येक नोकराच्या धैर्यास एक अंक असे. प्रसंग बांका आला कीं दोन फांसे टाकावयाचे. बेरीज त्या अंकाहून अधिक आली तर नोकर साथ सोडी. आतां हा अंक नोकराच्या अंगच्या शौर्यावरून ठरत नसे, तर धन्याच्या ‘छाप’ या गुणावरून ठरे. ज्या धन्याची छाप ३, त्यास एकच नोकर मिळे, व त्याचें धैर्य ४. ज्याची छाप ९ ते १२, म्हणजे साधारण, त्यास चार नोकर, धैर्य ७. ज्याची छाप १८, त्यास सात नोकर, धैर्य १०. दोन फांशांचे एकंदर छत्तीस प्रकार होतात. ते मोजून पाहिले असतां पहिल्या धन्याचा नोकर छत्तिसांपैकीं तीस वेळां पळतो, दुसऱ्याचा पंधरा वेळां, आणि तिसऱ्याचा अवघा तीन वेळां. शिवाय धनी उदार असेल किंवा निष्ठुर असेल, त्याप्रमाणें हा अंक वरखालीं करण्याची मोकळीक सूत्रधारास होती. आणि प्रत्येक मोहिमेअखेर नोकराची पुन्हां परीक्षा होऊन तींत तो ढळला तर त्या धन्याकडे फिरून येत नसे. जो धनी नोकरास पुढें ढकलून स्वतः मागें राही, त्यास थोड्याच दिवसांत एकट्यानें भुयारांत उतरावें लागे. नीतीचा एवढा धडा कोष्टकाच्या रूपानें शिकविणारें पुस्तक आम्हीं दुसरें पाहिलें नाहीं.

पुढील काळांत खेळाडूंचीं पात्रें अधिकाधिक बलाढ्य होत गेलीं. त्यांस नोकरांची गरज उरली नाहीं, आणि नियमांतील नोकरांचें स्थानहि संकोच पावलें. २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत धैर्याचा व निष्ठेचा नियम आहे खरा, पण ऐच्छिक म्हणून. मेजापाशीं बसणाऱ्यांनीं वाटल्यास घ्यावा, नाहीं तर सोडून द्यावा. ज्या नियमानें दुबळ्याचें रक्षण होतें तो ऐच्छिक झाला म्हणजे त्याचें काय होतें, हें अनुभवी वाचकांस सांगावयास नको.

तथापि जुन्या काळींहि सर्व कांहीं ठीक होतें असें आम्ही म्हणत नाहीं. १९७९ सालीं गायगॅक्सनें लिहिलेली ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ नांवाची एक मोहीम फार प्रसिद्ध आहे. नवशिक्या सूत्रधारांची एक सबंध पिढी तिच्यावर तयार झाली. तींत सरहद्दीवरचा एक किल्ला आहे. किल्लेदार, धर्मगुरु, सराईवाला, सावकार अशीं माणसें त्यांत आहेत. प्रत्येकाची चिलखतें, शस्त्रें व तिजोरींतील नाणीं मोजून लिहिलीं आहेत. परंतु त्यांस नांवें दिलेलीं नाहींत. हुद्दा आहे, मनुष्य नाहीं. तें काम सूत्रधारावर सोपविलेलें आहे. किल्ल्याबाहेरील गुहांत नाना जातीचे राक्षस राहतात, आणि तेथें त्यांच्या स्त्रिया व लढूं न शकणारीं पोरेंहि आहेत असें लिहिलें आहे. तलवार उपसून आंत शिरलेल्या खेळाडूंपुढें ती पोरें आलीं म्हणजे काय करावयाचें? या प्रश्नावर मेजामेजावर जे वाद झाले ते अद्याप संपले नाहींत. आम्हांस यांत खेळाचा दोष दिसत नाहीं. उलट त्याचा हा मोठाच गुण होय. बुद्धिबळांत प्यादें मारतांना कोणी थबकत नाहीं. या खेळांत थबकावें लागतें, कारण समोरच्या सोंगटीस तोंड फुटलेलें असतें.

येथें आमच्या पालकवर्गाच्या एका शंकेचा उल्लेख करणें प्राप्त आहे. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं धर्मनिष्ठ मंडळींनीं या खेळाविरुद्ध मोठी ओरड केली. यांत भुतें आहेत, जादूटोणा आहे, मुलांचीं मनें बिघडतील, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या गवगव्यानंतर प्रकाशकांनीं १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींतून दैत्यांचीं रूढ इंग्रजी नांवेंहि काढून टाकिलीं. त्या मंडळींच्या हेतूविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु त्यांनीं नीतीचा प्रश्न भलत्याच ठिकाणीं शोधला असें आम्हांस वाटतें. कल्पित दैत्याचें नांव घेतल्यानें मुलगा बिघडत नाहीं. परंतु द्वारपाळ आडवा आला म्हणून त्यास ठार केलें, सराईवाल्यानें भाडें मागितलें म्हणून त्याची सराई पेटविली, आणि मेजापाशीं बसलेले सर्व जण हंसले, असें आठवड्यामागून आठवडे चाललें, तर मात्र पालकांनीं काळजी करावी. पालकांनीं पुस्तकांतील चित्रें तपासूं नयेत. मुलगा द्वारपाळाशीं कसा बोलतो तें ऐकावें.

आतां दुसऱ्या बाजूचाहि एक दोष आहे, व तो सांगितल्यावांचून आमचें म्हणणें एकांगी होईल. कित्येक सूत्रधारांस आपल्या एखाद्या पात्राचा इतका लळा लागतो कीं तें पात्र खेळाडूंच्या डोक्यावर बसतें. संकट आलें कीं हा महापुरुष धांवून येतो, कोडें पडलें कीं हाच उलगडतो, शत्रूस हाच लोळवितो, आणि खेळाडू बापडे टाळ्या वाजवीत बसतात. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘फर्गॉटन रेल्म्स’ या जगांतील एल्मिन्स्टर नांवाच्या वृद्ध मांत्रिकाविषयीं अशी कुरकुर पुष्कळ ऐकूं येते: एवढा समर्थ मनुष्य गांवांत असतां आमची गरजच काय? ही कुरकुर योग्य आहे. बिनखेळाडूच्या पात्रास मन असावें, पण त्यानें खेळाडूंची जागा बळकावूं नये. सूत्रधारानें ज्यांच्यासाठीं खेळ मांडला त्यांच्याच तोंडचा घांस काढून घेतला, तर त्यास न्याय म्हणतां येणार नाहीं. एका बाजूस पात्राला निर्जीव लांकूड करणें व दुसऱ्या बाजूस त्यास राजा करणें, या दोन्हींत चूक एकच आहे: दोन्ही वेळां सूत्रधार त्या पात्राकडे पाहत नसतो, स्वतःच्या सोयीकडे किंवा हौसेकडे पाहत असतो.

यावर उपाय काढणारेहि निघाले आहेत. १९८७ सालींच निघालेल्या ‘आर्स मॅजिका’ या खेळांत मध्ययुगीन युरोपांतील मांत्रिकांचा एक मठ असतो. प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा एक मांत्रिक असतो. परंतु मठांतील पहारेकरी व सेवक हे सर्वांचे सामाईक. आज ज्याचा मांत्रिक मोहिमेवर निघाला असेल त्याच्याबरोबर दुसरा खेळाडू भालाईत म्हणून जातो; उद्यां पाळी उलटते. सूत्रधाराचें कामहि आळीपाळीनें करावें अशी त्या खेळाची शिफारस आहे. ज्यानें काल मांत्रिक होऊन हुकूम सोडले, त्यास आज त्याच हुकुमाखालीं चिखलांत उभें राहावें लागतें. सेवकाची रिकामी खुर्ची भरण्याची याहून सरळ रीत आम्हांस सुचत नाहीं. तसेंच २०१० सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाच्या नियमांत, समोर येणाऱ्या प्रत्येक मनुष्यास नांव द्यावें व त्यास माणूस म्हणून उभें करावें, हें सूत्रधाराचें एक कर्तव्यच मानलें आहे. किल्ल्यांतील बिननांवाच्या किल्लेदारापासून येथवर खेळ आला, ही प्रगति लहान नव्हे.

‘पण,’ कोणी म्हणेल, ‘हें सारें बोलावयास ठीक. एका संध्याकाळीं वीस माणसें भेटतात; प्रत्येकाचें चरित्र कोण लिहीत बसणार? आणि नाटकांतहि दुय्यम पात्रें असतातच कीं!’ असतात, हें खरें. परंतु दुय्यम म्हणजे निर्जीव नव्हे. आगरकरांनीं ‘विकारविलसित’ या नांवानें ज्या ‘हॅम्लेट’चें मराठी रूपांतर केलें, त्या नाटकांत थडगें खणणारा मनुष्य एकाच प्रवेशांत येतो; पण राजपुत्रास तो बोलण्यांत हार जात नाहीं. त्याच नाटकांतील दोन किरकोळ दरबारी घेऊन टॉम स्टॉपर्ड यानें १९६६ सालीं रंगभूमीवर आणलेल्या एका स्वतंत्र नाटकाचे नायक केले, आणि प्रेक्षकांनीं त्यांस नायक म्हणून स्वीकारलें. लेखकानें थोडेंसें मन दिलेलें असलें म्हणजे पुरे. खुर्ची कोणीहि पुढें ओढून देऊं शकतो.

चरित्राची तर मुळींच जरूर नाहीं. आमच्या मतें तीन गोष्टी पुरतात: एक नांव, एक गरज, आणि नाहीं म्हणण्याची मुभा. उदाहरणार्थ, नदीवरचा नावाडी घ्या. तो नुसता ‘नावाडी’ असेल तर खेळाडू नाणें फेंकतील, पैलतीर गांठतील, व त्यास विसरतील. आतां त्यास नांव द्या. नदीस पूर येत आहे व अंधार पडण्यापूर्वीं त्यास घरीं पोंचावयाचें आहे, कारण घरीं मूल तापानें फणफणलें आहे, एवढी एक गरज द्या. आणि तो ‘आज नाव सुटणार नाहीं’ असें म्हणूं शकतो, एवढें मनाशीं ठरवा. लगेच चित्र पालटतें. एक खेळाडू दुप्पट पैसे देऊं करतो. दुसरा तलवारीस हात घालतो. तिसरीस आठवतें कीं आपल्या पात्रास औषधी ओळखतां येतात, आणि ती विचारते, ‘तुझें घर कोणीकडे आहे?’ तिघांच्या स्वभावांतील अंतर उघड करावयास त्या नावाड्यानें किती काम केलें, पाहा! आणि या तयारीस सूत्रधारास एक ओळ लिहावी लागली. नावाडी निर्जीव असता तर खेळाडूंचीं पात्रेंहि तितकींच सपाट राहिलीं असतीं. ज्याच्यापाशीं नकार नाहीं त्याच्याशीं वागून कोणाचा मोठेपणा सिद्ध होत नाहीं.

आणखी एक आक्षेप असा कीं, शत्रूलाहि मन दिलें तर पराक्रम उरणार कोठें? आम्ही म्हणतों, पराक्रम तेव्हांच सुरू होतो. जो दरोडेखोर नुसता मरण्यासाठीं उभा केलेला आहे त्यास मारण्यांत कसला पराक्रम? शत्रु भितो, शरण येतो, तह मागतो, कधीं दगा देतो, कधीं शब्द पाळतो. त्यास मारावयाचें कीं सोडावयाचें, हा प्रश्न पडला म्हणजेच खेळाडूस वीर होण्याची संधि मिळते. जुन्या खेळांतील धैर्याच्या फांशानें असे शरण आलेले शत्रु वारंवार समोर आणून उभे केले, हा त्याचा मोठा उपकार होय.

आतां शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द. तुम्ही हा खेळ खेळतां याचा आम्हांस विषाद नाहीं. उलट, भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहत एकेकटें बसण्यापेक्षां पांच जणांनीं समोरासमोर बसून एकमेकांचें ऐकून घेणें हें आम्ही शतपट चांगलें समजतों. मात्र जो तुमच्यांत सूत्रधार असेल त्यानें आपल्या पहारेकऱ्यांस नांवें द्यावीं. जो नेहमीं योद्धा होतो त्यानें एखादे दिवशीं त्याच्या मशालजीची भूमिका घ्यावी. आणि मेजापाशीं जो हळू बोलतो, ज्याचें उत्तर येण्यापूर्वींच दुसरा त्याच्या वतीनें बोलून टाकतो, त्याच्याकडे सर्वांनीं लक्ष द्यावें. कारण खुर्ची असूनहि ज्याचें मन कोणी विचारीत नाहीं तो तर नांवाचाच खेळाडू.

आणि तो शब्द जिवंत माणसास लावूं नका. मेजावर खुर्च्या पांचच असतात, म्हणून कोणास तरी बिनखेळाडूचें राहावें लागतें. तेथें तो शब्द निरुपद्रवी आहे. शाळेच्या आवारांत ही अडचण नाहीं. येथें घंटा देणारा शिपाई पहांटे किती वाजतां घरून निघतो, वर्गांतील ती अबोल मुलगी दुपारच्या सुटींत एकटी कां बसते, वसतिगृहांतील आचाऱ्यास त्याच्या गांवचें पत्र किंवा फोन आल्याला किती दिवस झाले, हें तुम्हांस ठाऊक नसेल. पण त्यांस ठाऊक आहे. ‘तुम्ही काय करतां?’ हा प्रश्न त्या प्रत्येकापुढें रोज सकाळीं उभा असतो, आणि प्रत्येक जण त्याचें उत्तर आपल्या बुद्धीनें व आपल्या हिंमतीनें देत असतो. त्याच्या वतीनें उत्तर देणारा दुसरा कोणी नाहीं. तुम्ही त्यास नांवानें हांक मारा, त्याची गरज विचारा, आणि तो नाहीं म्हणाला तर तें नाहीं म्हणणें ऐकून घ्या. मेजावर नावाड्याशीं वागतांना जें शिकलां तें एवढेंच आहे, आणि तें शिकलां असाल तर तुमच्या संध्याकाळी वायां गेल्या असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं.